प्रवेश सर्वांसाठी खुला

विद्यापीठाच्या भिंतीवर कागद चिकटवलेला होता. वर सिनेमाचं नाव, खाली पाहुण्या वक्त्यांचं नाव, वेळ, सभागृह आणि सगळ्यात शेवटी एक ओळ : प्रवेश सर्वांसाठी खुला. मी गेलो तो त्या ओळीमुळं. सिनेमा ‘फँड्री’ होता, तो मी मोबाईलवर तीनदा बघितलेला. पण हे ‘सर्व’ म्हणजे कोण कोण, एकदा जाऊन बघू म्हणलं. त्या आठवड्यात मला तिसरी पाळी होती. सिनेमा संध्याकाळी, हजेरी रात्री बाराला. जमत होतं.

गेटवर वॉचमन. ठेकेदाराचा माणूस, बारा तासांची ड्यूटी, बोलण्यावरनं आपल्यातलाच.

"कुठं निघालात भाऊ?"

"सिनेमाला."

"सिनेमा हितं नसतोय. ह्ये विद्यापीठ हाय."

मी मोबाईलमधला कागदाचा फोटो दाखवला. त्यानं बघितला, मान हलवली आणि वही पुढं केली. नाव, गाव, वेळ, सही. आणि मध्ये एक रकाना : कोणाकडे काम आहे.

मित्रांनो, मी पेन धरून तिथंच उभा राहिलो. माझ्या बाजूनं गाड्यांवर पोरंपोरी आत जात होती, त्यांना वही नव्हती. वॉचमनचा दोष नाही, त्याला जे सांगितलंय ते तो करतो. पण माझं काम कोणाकडं होतं? वक्ते मला ओळखत नाहीत. कुलगुरू ओळखत नाहीत. शेवटी ‘सिनेमाकडे’ असं लिहून टाकलं. वॉचमन हसला, मीही हसलो. पण तो रकाना महिनाभर डोक्यातून गेला नाही, म्हणून हे लिहितोय.

आपल्या बापजाद्यांना गावात जायच्या दोनच तऱ्हा माहीत होत्या. एक म्हणजे बोलावणं आलं म्हणून जायचं. ती वेठ. सांगावा पोचवा, लाकडं फोडा, मेलेलं ढोर ओढून न्या. दुसरी, न बोलावता जायचं आणि मार खायचा. बोलावणं नाही, मारही नाही, नुसतं आपलं आहे म्हणून जायचं ही तिसरी तऱ्हा त्यांच्या पायांना ठाऊकच नव्हती. ‘सार्वजनिक’ या शब्दाचा खरा अर्थ ही तिसरी तऱ्हा. बाबासाहेबांनी ती महाडला शिकवली.

१९२३ च्या ऑगस्टात मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर बोले यांचा ठराव पास झाला : सरकारी खर्चानं चालणारी तळी, विहिरी, शाळा, दवाखाने, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या. १९२४ साली महाड नगरपालिकेनंही ठराव करून चवदार तळं खुलं केलं. म्हणजे कागदावर सगळं झालं होतं. तळ्याला कुलूप नव्हतं. आणि तीन वर्षं एकाही अस्पृश्याच्या ओंजळीत ते पाणी आलं नाही. २० मार्च १९२७ ला आलं. मग डोकी फुटली, शेणगोमूत्र ओतून तळं ‘शुद्ध’ झालं, हे तळं सार्वजनिक नाहीच असा दावा कोर्टात लागला आणि हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं.

आता मला सांगा, तळं खुलं झालं कधी? २३ ला, २४ ला, २७ ला का ३७ ला? मी म्हणतो २७ ला. ठरावानं नुसती परवानगी मिळते. कोणीतरी उठून, चालत जाऊन, वाकून पाणी घ्यावं लागतं. कोर्टाचा कागद त्या ओंजळीच्या मागनं आला.

इथपर्यंत सोपं आहे, आपल्या प्रत्येक भाषणात असतं. माझी अडचण पुढं आहे. मी त्या सभागृहात जाऊन बसलो. मऊ खुर्ची, वर पंखे. कोणी उठवलं नाही, कोणी नाक मुरडलं नाही. मग माझी ओंजळ भरली का?

सिनेमा सुरू झाला. नागराज मंजुळेंचा हा २०१३ चा सिनेमा तुम्ही बघितलाच असेल. कैकाड्याचा पोरगा जब्या, गावानं त्याच्या घरावर टाकलेलं डुकरं धरायचं काम. डुक्कर हाताशी येतं आणि तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत लागतं. अख्खं घरदार जागच्या जागी ताठ उभं, आणि डुक्कर निघून जातं. डुकराला कुठलं राष्ट्रगीत! मग मारलेलं डुक्कर काठीला बांधून नेताना मागं शाळेची भिंत, भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीमाई, शाहू महाराज, गाडगेबाबा. सगळं गाव हसतंय, पोरं चिडवतायत. शेवटी जब्या दगड भिरकावतो. तो दगड कॅमेऱ्याकडं येतो, म्हणजे सरळ खुर्चीत बसलेल्या माणसाकडं येतो आणि पडदा काळा होतो.

दिवे लागले आणि टाळ्या पडल्या. जोरात. मीही वाजवल्या.

वाजवता वाजवता हात थांबला. दगड अंगावर आला तर माणूस आधी डोकं झाकतो. टाळ्या कधी वाजवतो? दगड आपल्याला लागणार नाही, दुसऱ्या कोणाला लागणार आहे अशी खात्री असते तेव्हा. सभागृहात दोनशे माणसं असतील, सगळ्यांना तीच खात्री. मग तो दगड गेला कुठं?

पाहुणे चाळीस मिनिटं बोलले. चांगले बोलले, खोटं कशाला सांगू. राष्ट्रगीताच्या वेळी कॅमेरा कुठं ठेवलाय, हसणाऱ्या गावाचे चेहरे किती वेळ दाखवलेत, हे मी तीनदा बघूनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. माणूस शिकलेला असला की कुठं बघायचं ते त्याला कळतं. मला हेवा वाटला. मग प्रश्नांची वेळ आली. मी हात वर केला. माईक माझ्यापर्यंत यायला वेळ लागला, तेवढ्यात मी प्रश्न मनात नीट लावून घेतला : हा दगड आपल्यावर आलाय हे आपल्याला मान्य आहे का? मान्य असेल तर आपण टाळ्या का वाजवल्या? मान्य नसेल तर हा सिनेमा आपण नक्की कशासाठी दाखवतो?

विचारला. सभा चालवणारे गृहस्थ माईक घेऊन म्हणाले, "छान. आपण काय करता?"

"सूतगिरणीत आहे. सायडर."

सगळ्या सभागृहाचा चेहरा एकदम मऊ झाला. ते म्हणाले, "अरे वा! मग तुमचा अनुभव सांगा ना. हा सिनेमा बघताना तुम्हाला काय वाटलं?"

आणि मी सांगितला. इथं मला लपवायचं नाही. मला कोणी जबरदस्ती केली नव्हती. मी रिंग फ्रेमचा आवाज सांगितला, नाकात बसणारी कापसाची रुई सांगितली, तुटलेली तार सांधता सांधता डोळे कसे मिटतात ते सांगितलं. मग शाळेतल्या मास्तरची गोष्ट सांगितली. ती मी आतापर्यंत चार ठिकाणी सांगितलीय आणि दरवेळी ती थोडी वाढते. टाळ्या पडल्या, ‘फँड्री’ला पडल्या तेवढ्याच. नंतर चहा मिळाला. एका बाईंनी कवितांसाठी नंबर घेतला. माझा प्रश्न कुठं राहिला ते त्यांना आठवलं नाही, मलाही आठवलं नाही.

मित्र बरोबर होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "तू इचारायला उठलास आन् सांगून बसलास."

हे लागलं. दगड असा लागतो.

गोपाळ गुरू यांनी २००२ साली एका लेखात सामाजिक शास्त्रांतली ही वाटणी उघडी पाडली होती : सिद्धांत मांडायचा तो वरच्यांनी, माहिती-अनुभव पुरवायचे ते खालच्यांनी. तो लेख इंग्रजीत आहे, मी कोशात बघत बघत वाचला. पण गिरणीत काम करणाऱ्याला ही वाटणी समजायला कोश लागत नाही. सूत आम्ही काढायचं, कापडावर छाप दुसऱ्याचा. सभागृहातही तेच. वक्त्याला विचारतात, तुमचं मत काय. मला विचारतात, तुम्हाला काय वाटलं. मत खोडता येतं, त्याला उत्तर द्यावं लागतं. वाटण्याला उत्तर द्यावं लागत नाही. वाटण्याला टाळ्या वाजवल्या की भागतं.

याच्या उलट एक उदाहरण आपल्या घरातच आहे. ९ मे १९१६. न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ, गोल्डनवायझर यांचा मानववंशशास्त्राचा सेमिनार. पंचवीस वर्षांचा भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी निबंध वाचायला उभा राहतो. त्याच्याकडं सांगायला अनुभव कमी होते काय? मसूर स्टेशनावरच्या बैलगाडीची गोष्ट होती, शाळेतल्या तरटाची होती, शिपायानं वरनं पाणी ओतल्याशिवाय न भागणाऱ्या तहानेची होती. अमेरिकेतल्या प्रोफेसरांचे डोळे पाण्यानं भरले असते. त्यानं त्यातलं काही सांगितलं नाही. त्यानं सेनार, नेसफिल्ड, रिस्ले, केतकर यांच्या व्याख्या एकेक करून तपासल्या, कुठं चुकतात ते दाखवलं आणि जातीतल्या जातीत लग्न हे जातीचं मूळ यंत्र आहे ही स्वतःची मांडणी ठेवली. म्हणजे ज्याच्यावर जात चालवली जात होती त्यानं जातीची व्याख्या केली. त्याच्या आठवणी, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’, नंतरच्या आहेत आणि पुस्तक म्हणून १९९० साली छापल्या गेल्या. आता कोलंबियात त्या विद्यार्थ्यांना वाचायला देतात. चांगलं आहे. पण हा क्रम ध्यानात ठेवा : आधी व्याख्या, मग आठवण. मी आठवणीनं सुरुवात केली आणि तिथंच बसलो.

कोणी म्हणेल, मग अनुभव खोटा काय? आपलं अख्खं साहित्य अनुभवावर उभं आहे. मान्य. अनुभवाशिवाय बोलणारे मी रोज ऐकतो, त्यांची चीड येते. पण अनुभव ही आपली सुरुवात असायला हवी. आपल्याला तेवढंच विचारलं जावं आणि आपणही तेवढंच द्यावं, ही सवय जडली तर आपण सभागृहात आलो तरी वाड्यातच आहोत. फरक एवढाच की वाड्यावर आता माईक आहे.

बुद्धाची गोष्ट बघा. केसपुत्त नावाच्या गावात तो येतो, कालाम लोकांचं गाव. आजच्या भाषेत पाहुणा वक्ता. कालाम त्याच्या तोंडावर म्हणतात, इथं लई जण येतात, प्रत्येक जण आपलंच खरं म्हणतो, दुसऱ्याचं खोटं म्हणतो, आम्ही कोणाचं मानायचं? केवढा उद्धट प्रश्न! बुद्ध त्यांना, तुमचे हाल सांगा, असं म्हणत नाही. शंका घेतली हे योग्यच केलं असं सांगतो, आणि उलटं त्यांनाच विचारतो : लोभ माणसाच्या हिताचा का अहिताचा? द्वेष? मोह? आणि कालाम उत्तर देतात. तो निवाडा त्यांच्याकडून घेतो. ऐकणाऱ्याच्या अकलेला अक्कल मानणारं व्याख्यान हे असं असतं. धम्माला ‘एहिपस्सिको’ म्हणतात, ये आणि बघ. नुसतं ये म्हणलेलं नाही. आणि बघणारा बघून जे म्हणेल ते ऐकायची तयारी त्यात आलीच.

आमच्या मंडळातले काही जण म्हणतात, त्यांच्या हॉलात जायचंच कशाला? आपण वस्तीत पडदा लावू. लावला आम्ही. विहाराच्या भिंतीवर चादर ताणून आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ दाखवला. २०११ चा सिनेमा, चौदा वर्षं खपून केलेला. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली आणि मग शाहीर विलास घोगरेंनी जीव दिला, तिथनं तो सुरू होतो. वस्तीत कोणी गप्प बसून सिनेमा बघत नाही. बायका पडद्यातल्या बायकांशी बोलत होत्या. एक म्हातारे मध्येच उभे राहिले आणि पडद्यावरच्या पुढाऱ्याला म्हणाले, "खोटं बोलतोस!" सिनेमा संपल्यावर टाळी एक नाही. लोक तासभर भांडत बसले, कोण विकला गेला आणि का. मला ते विद्यापीठातल्या शांततेपेक्षा शंभरपट आवडलं.

तरी मी म्हणतो, हॉल सोडायचा नाही. बाबासाहेबांनी दोन्ही केलं. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, भाषण वाचून घाबरले, काही भाग गाळा म्हणाले. बाबासाहेबांनी गाळायला नकार दिला, परिषदच रद्द झाली. भाषण त्यांनी स्वखर्चानं छापलं, दीड हजार प्रती, त्या दोन महिन्यांत संपल्या. यजमानानं दार लावलं म्हणून भाषण मेलं नाही. पण म्हणून त्यांनी नंतर हॉलच वर्ज्य केले असंही नाही. १९३९ साली पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमध्ये ते संघराज्यावर बोलले. १९४३ साली पुण्यातच रानड्यांच्या जयंतीला बोलले आणि त्या जयंतीच्या मंचावरून विभूतिपूजेवर कोरडे ओढले. आणि १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज काढलं, १९५० ला औरंगाबादला मिलिंद. दुसऱ्याच्या घरात पाहुणा म्हणून लाचार व्हायचं नाही आणि आपलं घर झालं म्हणून बाहेरचं मैदान सोडायचं नाही.

शिवाय हॉल सोडला तर कोणाची सोय होते ते बघा. १ ऑगस्ट २०१५ ला दिल्लीच्या किरोडीमल कॉलेजात ‘मुजफ्फरनगर बाकी है’ हा सिनेमा अभाविपच्या लोकांनी बंद पाडला. हैदराबाद विद्यापीठात आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशननं त्याचा निषेध केला. सिनेमा दिल्लीत अडवला, निषेध हैदराबादेत झाला, आणि त्यातून भांडण, तक्रारी, चौकशा, वरनं पत्रं असं करत करत पाच दलित विद्यार्थ्यांना वसतिगृह बंद झालं, प्रशासनाच्या इमारतीत जायला बंदी, सामाईक जागांत घोळक्यानं जायला बंदी. सामाईक जागा! शब्द बघा. १९२३ च्या ठरावात जे शब्द उघडले, ते २०१५ साली एका हुकमानं मिटले. पोरांनी विद्यापीठाच्या आवारातच उघड्यावर पथारी टाकली आणि त्या जागेला नाव दिलं वेलिवाडा, म्हणजे तेलुगूतला आपला वाडा. १७ जानेवारी २०१६ ला रोहित वेमुला गेला.

२०२४ साली मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं एका दलित पीएच.डी. विद्यार्थ्याला दोन वर्षांसाठी काढलं. त्याच्यावर ठेवलेल्या गोष्टींत ‘राम के नाम’ बघा असं त्यानं म्हणल्याचाही उल्लेख होता. ज्या सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार आहे आणि जो कोर्टाच्या हुकमानं दूरदर्शननं दाखवलेला आहे, तो. सुप्रीम कोर्टात जाऊन मे २०२५ मध्ये त्याला परत शिकायला मिळालं.

म्हणजे सिनेमात दारू आहे का नाही हा प्रश्नच नाही. मी बघितला त्या सभागृहात दगड येतो आणि टाळ्या पडतात, कोणाचं काही बिघडत नाही, कारण तिथं दाखवणारे ते, समजावणारे ते, आणि आम्ही अनुभव. तोच सिनेमा आपल्या पोरांनी दाखवला, निवड आपली, प्रश्न आपला, की हुकूम निघतो. पाहुणा म्हणून ‘सर्व’ चालतात. यजमान म्हणून चालत नाहीत. आणि जिथं कायम एकच यजमान आणि कायम एकच पाहुणा असतो ती जागा सार्वजनिक कशी म्हणायची?

माझी आत्या दर १४ जानेवारीला औरंगाबादला जाते, आता छत्रपती संभाजीनगर. विद्यापीठ गेटला. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपली घरं जळली. पोचिराम कांबळेंना मारलं. १९९३ ला गौतम वाघमारेंनी स्वतःला पेटवून घेतलं. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. आत्या गेटला हात लावते, तो हात कपाळाला लावते, खाली बसून भाकरी खाते, पुस्तकांच्या दुकानातनं माझ्यासाठी एक पुस्तक घेते आणि परत येते. तिला वाचता येत नाही. मी पूर्वी तिची चेष्टा करायचो, गेटला काय पाया पडतेस म्हणून. आता करत नाही. तिला कोणी विचारलं, कोणाकडे काम आहे, तर ती गडबडणार नाही. ज्यांनी त्या नावासाठी जीव दिला त्यांच्यातल्या कितीजणांना आत बसून एखादं व्याख्यान ऐकायला मिळालं असतं? तरी त्यांना ते आपलं वाटलं. मी आत बसलो, आणि मला माझं वाटलं नाही. हे उलटं कसं झालं याचं उत्तर माझ्याकडं अजून पुरतं नाही. आत्याही गेटच्या बाहेरच बसते हेही खरंच आहे.

त्या रात्री परत निघालो तेव्हा वॉचमननं विचारलं, "काय व्हतं मग?" बसला वेळ होता. मी त्याला सगळी गोष्ट सांगितली, तो गेटची साखळी धरून ऐकत होता.

"डुक्कर घावलं का शेवटी?"

"घावलं."

"आन् दगड? कुणाला लागला?"

"पडदा काळा होतो."

"म्हंजी तुमाला बी म्हाईत न्हाई."

सभागृहात मी विचारायला उठलो होतो तोच प्रश्न, आणि त्यानं सिनेमा बघितलेलासुद्धा नव्हता. चार वर्षं तो त्या गेटवर आहे. सभागृहात एकदाही गेलेला नाही. गेट कोण बघणार?

आम्ही पाच जणांनी अर्ज दिलाय. सार्वजनिक कार्यक्रमाच्या दिवशी गेटवरच्या, सफाईच्या आणि कँटीनच्या माणसांना आळीपाळीनं आत बसायला सुट्टी द्यावी, पगार न कापता. वहीतला ‘कोणाकडे काम आहे’ हा रकाना काढावा, नाहीतर गाडीवरनं येणाऱ्यांकडूनही भरून घ्यावा. सिनेमे निवडणाऱ्या समितीत बाहेरचे दोघे घ्यावेत. आवक-जावकच्या बाईंनी शिक्का मारून पोच दिली. उत्तर अजून नाही.

पुढच्या महिन्यात घटनेवर व्याख्यान आहे. पाळी बदलून घेतलीय. प्रश्न कागदावर लिहून काढलाय, त्यात गिरणी नाही आणि मास्तरही नाही. मित्राला सांगून ठेवलंय, मी गोष्ट सांगायला लागलो की मागनं शर्ट ओढ.